पातळ आहे तोवर

काचेमधून उतरणारा लाल धागा तिला आधी दिसला. आपलं बोट कापलंय हे मागाहून कळलं, आणि तेही डोळ्यांनीच. दोन काचांमधल्या फटीत ती नुकतंच कालवलेलं द्रावण सोडत होती. घट्ट व्हायच्या आधी ते अगदी पाण्यासारखं दिसतं. त्या नितळ पाण्यात वरून एक बारीक सूत उतरत गेलं, वळलं, मध्येच थबकलं. क्षणभर तिला वाटलं, कुणाचा तरी रंग सांडला असेल. मग तिने हात उजेडात धरला. काचेच्या टवका उडालेल्या कडेने हातमोजा फाटून तर्जनीचं टोक उघडं पडलं होतं आणि त्यातून रक्त निवांत, कुणाची परवानगी न घेता वाहत होतं. दुखत नव्हतं. आता दुखेल, मग दुखेल, म्हणून ती थांबून राहिली. पडलेलं मूल रडायच्या आधी श्वास कोंडून धरतं आणि आई त्या रडण्याची वाट बघते, तशी. रडणं आलंच नाही. द्रावण मात्र काचांमध्ये आपल्या वेळेला घट्ट झालं आणि त्या लाल धाग्याला त्याने जागच्या जागी धरून ठेवलं.

"जेलरबाई, काय झालं हो?" पलीकडच्या टेबलावरून चष्मेवालीने विचारलं. ही संशोधनाला नवीन लागलेली मुलगी. पोट नुकतंच दिसायला लागलं होतं, त्यामुळे स्टुलावर बसताना आधी हाताने स्टूल चाचपायची. "काही नाही, काच गेली एक," ती म्हणाली आणि नळाखाली बोट धरून उभी राहिली. पाणी गार असणार असं तिने ठरवलं. बाहेर गार होतं, तेव्हा पाणीही गारच असणार. रक्त थांबल्यावर तिने बाटल्यांच्या मागे आडोसा करून जेलमध्ये खळगे पाडायची फणी हातात घेतली आणि तिचे दात एकेका बोटाच्या टोकावर दाबून पाहिले. अंगठ्याला कळलं. मधल्या बोटाला काहीतरी आहे एवढंच कळलं, जाड रजईवरून कुणी टकटक केल्यासारखं. तर्जनीला काहीच नाही. डाव्या हाताचंही थोड्याफार फरकाने तेच. मग तिने फणी धुतली, पुसली आणि जागेवर ठेवून दिली, जणू कुणा दुसऱ्याच्या खोलीत शिरून तिथली वस्तू हाताळली होती.

जेलर हे तिला मजल्यावरच्या पोरांनी दिलेलं नाव. संस्थेच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, जिथे ऊन फक्त भिंतीच्या एका कोपऱ्याला शिवून जायचं, तिथे ती सगळ्यांसाठी जेलं बनवायची. प्रथिनं एकमेकांपासून वेगळी करायची तर त्यांना या जेलमधून पळवावं लागतं. वरच्या खळग्यांत नमुने भरायचे, वीज सोडायची, मग बारकी पोरं पुढे धावतात आणि जाडीभरडी मागे रेंगाळतात. पळापळ संशोधकांची, मैदान हिचं. काचा धुवायच्या, स्पिरिटने पुसायच्या, कडेला पट्ट्या लावून चिमटे बसवायचे, साधं पाणी भरून कुठे गळतंय का ते पाहायचं. मग द्रावण कालवायचं आणि शेवटी त्यात दोन थेंब त्या मासळीसारख्या उग्र वासाच्या औषधाचे. ते पडले की मागे फिरणं नाही. मग हात रेंगाळून चालत नाही. ओतून झालं की वर स्पिरिटचा पातळ थर द्यायचा, म्हणजे कड सरळ बसते. आणि थांबायचं. थोड्या वेळाने त्या दोन थरांच्या मध्ये एक रेघ उमटते, केसासारखी, आतून कुणी ओढल्यासारखी. ती रेघ दिसली की जेल बसलं. इतकी वर्षं झाली तरी ती रेघ उमटताना पाहायला तिला आवडायचं. नवऱ्याने लग्नानंतर या सगळ्याचा एक विनोद करून ठेवला होता. कुणी विचारलं, बायको काय करते, की तो चेहरा पाडून सांगायचा, "जेलमध्ये असते. संध्याकाळी सोडतात." पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. पहिली काही वर्षं तीही हसली. मग त्याने तो सांगितला की ती उठून चहा टाकायला जायची.

काम शिकवलं ते एका म्हाताऱ्याने, जो ती लागली तेव्हा निवृत्तीला टेकला होता. तो तिला म्हणाला होता, "पातळ आहे तोवर विष, घट्ट झालं की गरीब गाय. एवढं लक्षात ठेव, बाकी सगळं स्वयंपाकासारखं आहे." विष कसलं, तिने विचारलं होतं. "नसा खातं," तो म्हणाला, आणि स्वतः उघड्या बोटाने नळीतलं उरलेलं द्रावण दाबून बसलंय का ते पाहिलं. तेव्हा त्या विषाची पूड यायची, पांढरी, हलकी. तराजूवर घेताना उजेडात तिचे कण तरंगताना दिसायचे. नाकाला रुमाल बांधायचा. हातमोजे कधी असायचे, कधी संपलेले असायचे, आणि असले तरी बोटाला जे कळतं ते मोज्याला कळत नाही, असं तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं. आता पुडीऐवजी तयार द्रावणाच्या बाटल्या येत, मोज्यांची खोकी भिंतीला टांगलेली असत, भिंतीवर कवटीचं चित्रही होतं. पण तिच्या बोटांनी ते सगळं आधीच, फार आधी, चाखून घेतलं होतं. नसा खातं. त्या दुपारी तयार जेलं ओल्या कागदात गुंडाळताना, वर प्लास्टिकची पिशवी चढवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडवी मांडताना, मागच्या पत्र्याला टेकू नयेत, टेकली तर गोठून तडकतात, म्हणून थोडी पुढे ओढताना तिच्या डोक्यात म्हाताऱ्याचे ते दोनच शब्द फिरत राहिले.

आणि मग एकेक गोष्ट आपणहून पुढे येऊन उभी राहिली. आजवर त्या सुट्या सुट्या होत्या. बसच्या पायरीवर चप्पल राहिली आणि ती तशीच चार पावलं चालत गेली, मागून एक बाई "अहो, चप्पल, चप्पल" करत आली. ब्लाउजचं हूक लावताना आरशात पाहावं लागतं. तव्याची कड धरली तेव्हा आधी वास आला. सपाट रस्त्यावर पाय अडखळतो आणि ती मागे वळून दगड शोधते. वयाने होतं असं, ती म्हणायची. बायकांना पन्नाशीत सगळंच होतं. आता या सगळ्यांना एक मालक सापडला आणि तिला राग आला, चांगला, ऊब देणारा राग. बसमध्ये खिडकीशी बसून ती त्या रागाला गोंजारत राहिली. आयुष्यात इतकं सरळ असं काही तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं: हे झालं, ते याने झालं.

"मग जाब विचारायला हवा," नवरा म्हणाला. तो शाळेत भूमिती शिकवायचा, सिद्ध झाल्यावाचून त्याला चैन पडत नसे. "आधी डॉक्टरचं मत घे. मग मी येतो तुझ्या सरांकडे." मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मेणाचा दात कोरत बसली होती. कवळ्या बनवायचं शिकत होती ती. घरभर कुणाचे तरी वरचे आणि खालचे जबडे प्लास्टरमध्ये हसत पडलेले असायचे. तिने कोरणी खाली ठेवली, उठून आईचं बोट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "खरंच दुखलं नाही?" तिने विचारलं. "नाही." "एवढं कापलंय आई." "अगं, म्हणूनच तर सांगतेय." मुलीने बोटावर फुंकर घातली, लहानपणी आईने तिच्या गुडघ्यावर घालावी तशी. फुंकर कळली का, हे तिने विचारलं नाही, म्हणून आईने सांगितलं नाही.

सर भला माणूस होता, आणि भली माणसं घाबरली की जे करतात तेच त्याने केलं. आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं, मग म्हणाला, "हातमोज्यांचा नियम तर आपल्याकडे पहिल्यापासून आहे." ती म्हणाली, "हो, नियम होता." मग त्याने स्वतः फोन करून नसांच्या डॉक्टरची वेळ घेऊन दिली. दाराशी निरोप देताना त्याने हात पुढे केला, आणि तिच्या लक्षात आलं की तो तिच्या हाताकडे बघतोय, धरावा की धरू नये असा.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीशेजारच्या अरुंद खोलीत तिला खाटेवर निजवलं. एका तरुणाने हातापायांना तारा चिकटवल्या, मध्ये गार जेली लावली असावी, कारण तो म्हणाला, "गार लागेल हं." मनगटावर एक टोकदार काडी टेकवून तो वीज सोडायचा आणि तिची बोटं आपणहून उडायची. पडद्यावर रेघ चढायची, उतरायची. किती वेळात वीज इथून तिथे पोचते, ते तो पाहत होता. ती छताकडे पाहत पडून राहिली. वीज सोडून कोण पुढे धावतं आणि कोण मागे राहतं हे पाहण्यात तिचा जन्म गेला होता; पण तो पाहणाऱ्यांच्या बाजूने. "रेंगाळतेय का?" तिने विचारलं. "काय?" "वीज." तरुण ओशाळं हसला. "मॅडम सांगतील," तो म्हणाला, आणि पुन्हा एकदा, थोडी जास्त वीज सोडून पाहिली.

डॉक्टरीणबाईंनी तिचे हात पाहिले नाहीतच. म्हणाल्या, "पायमोजे काढा." तिने काढले. बाईंनी पाऊल हातात घेतलं, तळव्याची कमान अंगठ्याने मोजल्यासारखी केली, वाकड्या झालेल्या बोटांना एकेक करून सरळ करून पाहिलं. सोडली की ती पुन्हा आकड्यासारखी वळत. पोटरी दाबली. मग म्हणाल्या, "हे पाय कुणाचे?" "माझेच की," ती म्हणाली. "तसं नव्हे. आईचे की वडिलांचे?"

बाबांचे पाय तिला आठवले ते शिडीवर. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शाळेतून येताना वाटेत कुठेतरी त्यांची शिडी लागायची, आणि खालून दिसायचं ते आधी पावलं. उंच, आत पोकळ, बोटांनी शिडीच्या दांडीला पक्ष्यासारखी पकडून बसलेली. रस्त्याने ते पाय उचलून उचलून टाकत चालायचे, गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखे, आणि पाऊल टेकताना फटदिशी आवाज व्हायचा. गल्लीतली पोरं त्यांना बगळा म्हणायची. पोरं काय, मोठी माणसंही म्हणायची, फक्त हळू. पाय लटपटतात, हातातला कुंचला निसटतो, अक्षराची शेपूट भलतीकडेच जाते. याला कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. आई त्यांना दारातच उभं करायची. "तोंड उघडा." ते उघडायचे. "घेतली नाही गं मी," ते म्हणायचे, तोंड उघडं ठेवूनच, त्यामुळे शब्द बोबडे यायचे आणि जास्तच प्यायल्यासारखे वाटायचे. आईला वास यायचा नाही, पण आईचा स्वतःच्या नाकावरही विश्वास उरला नव्हता. म्हणायची, हल्ली बिनवासाचीही मिळते. ही अभ्यासाचं पुस्तक पुढ्यात धरून ऐकत असायची. वर्षानुवर्षं असं चाललं. मग एक दिवस ते दारात आले आणि न सांगता स्वतःच तोंड उघडून उभे राहिले. आई म्हणाली, "प्यालात." "हो," बाबा म्हणाले. "आज तुझं खरं आहे." आणि भिंतीला टेकून खाली बसले, बरेच दिवसांनी घरी आलेल्या माणसासारखे. नाव झालंच होतं. त्या दिवसापासून ते त्या नावाला जागू लागले. पुढे शिडीवरून पडून गेले तेव्हा जमलेल्या माणसांनी फार काही विचारलं नाही. दारूने गेला, म्हणाले. त्या दिवशी घेतली होती की नव्हती, हे तिला कधीच कळलं नाही, आणि आता ते सांगणारंही कुणी उरलं नव्हतं.

"वडिलांचे," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. "पण डॉक्टर, मी विषात काम करते," ती म्हणाली. "इतकी वर्षं. पूड उडायची, हातमोजे नसायचे. सरांनी सांगितलं असेल तुम्हाला." आपला आवाज चढलाय हे तिला ऐकू येत होतं. "सांगितलंय," बाई म्हणाल्या. "विषाची चाल वेगळी असते. त्याने गेलेल्या नसा काम सोडलं की थोड्याफार सुधारतात. तुमच्या नसांवरचं वेष्टणच जन्मापासून कच्चं आहे. विजेचा वेग सगळीकडे सारखाच मंद आहे, हातात, पायात. ते असं एखाद्या बाटलीने होत नाही." "पण थोडं विषाचंही असेल ना?" तिने विचारलं, बाजारात घासाघीस करताना माणूस शेवटी जो आवाज काढतो, त्या आवाजात. "असेल चिमूटभर. मी नाही म्हणणार नाही. पण मूळ ते नाही." मग बाईंनी खुर्ची थोडी जवळ ओढली. "मुलंबाळं?"

"एक मुलगी."

"तिचे पाय कसे आहेत?"

"चांगले आहेत," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "हे मुलांतल्या निम्म्यांना येतं," मग त्या म्हणाल्या. "नाणं उडवल्यासारखं. तिची तपासणी करून घ्या. कळलेलं बरं." "औषध आहे?" "बुटात आधार घालता येतो. व्यायाम असतात. औषध म्हणाल तर आज नाही." "मग कळून काय करायचं?" बाईंनी टेबलावरचे कागद उगीच एकावर एक जुळवले. "ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर ती इस्पितळाच्या आवारातल्या बाकावर बसली. तिला आधी सुचलं ते फार साधं होतं: तो राग आता कुठे ठेवायचा. बसमधून घरापर्यंत, घरातून सरांच्या खोलीपर्यंत जो तिने सांभाळून आणला होता, तो एकाएकी बेवारशी झाला होता. विष असतं तर ते तिचं असतं. तिने हाताळलं, तिने भोगलं, तिच्यापाशी संपलं. पातळ होतं, अंगात शिरलं, तिथेच बसलं. पण हे तर तिच्या हातून पुढे ओतलं गेलं होतं, तिला न विचारता, तिला कळायच्या आधी. तिच्या डोळ्यांपुढे मुलीचे बूट आले. लहानपणापासून बाहेरच्या बाजूने झिजणारे. खेळाच्या दिवशी मुलगी हमखास शेवटची यायची आणि ही घरी येऊन म्हणायची, "वेंधळी आहे आमची. स्वतःच्याच पायात पाय घालते." नवरा म्हणायचा, "भूमितीत पण तसंच, वर्तुळ काढता काढता अंडं काढते." सगळे हसायचे, मुलगीसुद्धा. बाकाशेजारून माणसं येत-जात होती, आणि ती नकळत फक्त पावलं बघत होती, कोण कसं टेकवतंय ते. सगळी माणसं पायाकडे न बघता चालत होती. हे तिला अपमानासारखं लागलं.

दार नवऱ्याने उघडलं, आणि त्याच्या मागे मुलगी उभी होती, हाताला मेण लागलेलं. "काय म्हणाले?" दोघांनी एकदमच विचारलं. वाटेत तिने काहीच ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर कदाचित खरं सांगितलं असतं. तिने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "जेल." एवढंच. नवरा म्हणाला, "म्हणजे सिद्ध झालं." मुलगी आत गेली आणि चपला घालून बाहेर आली, तिला त्याच क्षणी सरांकडे जाऊन भांडायचं होतं. दोघांनी मिळून तिला धरून ठेवलं, आणि त्या झटापटीत आईला पुन्हा एकदा, बऱ्याच दिवसांनी, आपलं घर भक्कम वाटलं.

पातळ गोष्ट एकदा ओतली की ती आपली वाट शोधते. नवरा सरांना भेटून आला. सरांनी कागद मागितले नाहीत; त्यांना कागद नकोच होते. त्यांनी आठवड्याभरात बनवायचं कामच बंद करून टाकलं. आता जेलं बाहेरून तयार येणार होती, खोक्यांतून, प्रत्येक जेल सारखं, प्रत्येकाची कड आखून दिल्यासारखी. तिला कोठारात बसवलं, बाटल्यांना लेबलं लावायला. लेबलाचा कागद मागच्या कागदापासून सोडवणं हे तिच्या बोटांना जेलपेक्षा कठीण होतं, पण ते कुणाला माहीत नव्हतं. मजल्यावरची पोरं भेटली की आता जेलर म्हणत नसत. ताई म्हणत, आणि पुढे काय बोलावं ते न सुचून निघून जात.

चष्मेवाली एक दिवस कोठारात आली आणि तिने दार लोटून घेतलं. "ताई, मला खरं सांगा," ती म्हणाली. "मी नवीन लागले तेव्हा तुम्ही रजेवर होतात ना, तेव्हा माझी जेलं मीच ओतली होती. तेव्हा मला दिवस गेलेत हे माहीतही नव्हतं. एकदा हातावर सांडलं पण." तिचा हात पोटावर होता. आता सांगावं. या पोरीपुरतं तरी सांगावं. पोरी, तुला काही होणार नाही, माझं दुखणं माझ्या बापाचं आहे. वाक्य तोंडात तयार होतं. पण ही पोर बाहेर जाऊन सरांना सांगेल, सर सुटकेचा श्वास सोडून नवऱ्याला फोन करतील, आणि संध्याकाळी टेबलाच्या त्या टोकाला बसलेली मुलगी कोरणी खाली ठेवून स्वतःच्या पायांकडे बघेल. "तू लगेच धुतलंस ना?" तिने विचारलं. "धुतलं." "मग काही होत नाही." चष्मेवालीने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हालाही तेव्हा असंच वाटलं असेल ना?" ती म्हणाली. दार उघडून ती गेली. थोड्या दिवसांनी कळलं, तिने संशोधन अर्धवट सोडलं आणि माहेरी निघून गेली. तिच्या नमुन्यांच्या नळ्या फ्रीजरमध्ये तशाच राहिल्या. लेबलांवरचं तिचं अक्षर गोल आणि नीट होतं, परत येणाऱ्या माणसाचं असतं तसं.

कोठारातून काही आणायला म्हणून ती एकदा जुन्या खोलीत गेली आणि तिने फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात, मागे, तिची शेवटची जेलं होती. कुणी वापरली नव्हती, कुणी फेकली नव्हती. तिने एक पिशवी सोडली. ओला कागद कोरडा होऊन काचेला चिकटला होता; आतल्या जेलची कड आक्रसली होती, फणीने पाडलेले खळगे एकमेकांत कोसळले होते. कितीही ओलं ठेवा, गार ठेवा, जेल टिकतं ते थोडेच दिवस. ठेवण्याची कला म्हणजे उशीर करण्याची कला. हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तिने सगळी काढून केराच्या पिवळ्या डब्यात टाकली, काचा धुतल्या आणि त्या पालथ्या घालून वाळायला ठेवल्या, उद्या लागणार असल्यासारख्या.

घरात त्यानंतरचे दिवस विचित्र प्रेमाचे गेले. नवरा भाजी चिरायचा. सुरी, गरम भांडी, इस्त्री या सगळ्यांवर मुलीने आईला बंदी घातली होती. "काम सोडलंयस, आता सुधारेल," मुलगी म्हणायची. तिने कुठेतरी वाचलं होतं की या विषाचं तसंच असतं. रोज जेवणाआधी ती आईला डोळे मिटायला लावायची आणि मेण कोरायच्या हत्याराच्या बोथट टोकाने बोटांना शिवून विचारायची, "आता कळतंय? आता?" आई मुलीच्या श्वासावरून, बाहीच्या सळसळीवरून अंदाज घ्यायची आणि अधूनमधून म्हणायची, "हो. आता थोडं." मुलीचा चेहरा उजळायचा. नवरा म्हणायचा, "बघ, प्रगती आहे." आणि आईला दर वेळी आपण काहीतरी वाढून दिल्याचं समाधान व्हायचं, ज्याच्या तळाशी काहीच नव्हतं. मुलीच्या तपासणीचं तिने कुणापाशी काढलं नाही. उद्या काढू, म्हणायची. परीक्षा होऊ दे. कुठे नोकरीला लागू दे. मग तिचं तिला कधीतरी.

त्या सुट्टीच्या दिवशी दुपारी नवरा बाहेर गेला होता. खिडकीतून येणारं ऊन टेबलावरच्या प्लास्टरच्या जबड्यांवर पडलं होतं. मुलगी स्पिरिटच्या दिव्यावर कोरणी तापवून मेणाच्या दाढेला आकार देत होती आणि आई समोर बसून नुसती बघत होती. कोरणी एकदा घसरली. मुलीने "च्" केलं, मेणाचा गोळा पुन्हा मऊ केला, पुन्हा सुरू केलं. पुन्हा घसरली. मग तिने दिवा विझवला.

"आई, एक विचारू? बाबांना सांगू नको," ती म्हणाली. "मी शाळेच्या सुट्टीत तुझ्याबरोबर यायचे ना तिकडे. तू मला वाटीत ते थुलथुलीत तुकडे द्यायचीस, मी दाबत बसायचे."

"हो. द्यायचे."

"त्याने मला पण झालं असेल का गं? पायाला मुंग्या येतात हल्ली. रात्री जास्त. आणि कधी कधी पाऊल कुठे पडलंय तेच कळत नाही. बोटं अजून ठीक आहेत, म्हणजे, बऱ्यापैकी." ती घाईने बोलत होती. "दोनतीन वर्षं झाली असतील. मला वाटायचं, मी वेंधळीच आहे. पण तुझं ऐकलं आणि मग वाटलं, तेच असेल."

वाटीत दिलेले ते तुकडे बसलेल्या जेलचे असत. तिने स्वतः निवडून, दाबून, धुऊन दिलेले. गरीब गाय. त्या तुकड्यांनी जगात कुणाचं काही बिघडलं नसतं. आईने मुलीकडे पाहिलं. मुलगी वाट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती होती तशी एक आशाही होती, जिला आईने स्वतःच्या हाताने रोज जेवणाआधी खाऊ घातलं होतं.

"त्यानेच असेल," आई म्हणाली.

"मग जाईल ना? मी तर किती वर्षांत हात नाही लावलाय."

"जाईल."

मुलीने मोठा श्वास सोडला. मग हसली, आणि खुर्ची जवळ ओढून दोन्ही पाय सरळ आईच्या मांडीवर ठेवले, लहान होती तेव्हा ठेवायची तसे. "दाबून दे जरा," म्हणाली. "तूच दिलंयस, तूच काढ." आईने तिचे पायमोजे उतरवले. कमान उंच होती, आत पोकळ. धाकटी बोटं आताच थोडी वळायला लागली होती. तिने दोन्ही तळव्यांत ती पावलं धरली आणि चोळायला लागली, टाचेपासून वर, वरून खाली. मुलीने दिवा पुन्हा पेटवला आणि अर्धी राहिलेली दाढ हातात घेतली.

"गार पडलेत का गं पाय?" थोड्या वेळाने आईने विचारलं.

"मला काय माहीत," मुलगी मान वर न करता म्हणाली. "तूच सांग ना. हात तुझे आहेत."

आई चोळायची थांबली. तिने पावलं आणखी घट्ट धरून पाहिली.

"नाही," ती म्हणाली. "चांगले ऊबदार आहेत."